सोपानला न पोचलेला निरोप

सोपाना,

परवा तुझी दशक्रिया झाली. मांडव माझा, माईक माझा, खुर्च्या माझ्या. फक्त बोलणारा तू नव्हतास, आणि तुझ्यावाचून तो कार्यक्रम इतका बेचव झाला की मधेच दोनदा मला वाटलं, आता सोपान उठेल आणि ह्या लोकांना नीट बोलायला शिकवेल.

आपल्या जुन्नर-आंबेगावात माणूस गेला की दहाव्या दिवशी नदीच्या घाटावर अख्खी पंचक्रोशी जमते. आधी प्रवचन, मग माईकवर श्रद्धांजल्या. गेलेल्याचं ते कौतुक पंचवीस वर्षं तू केलंस. एरवी पिठाची गिरणी चालवायचास, पण भुवयांवरचं पीठ झटकून घाटावर उभा राहिलास की बायका आपोआप पदर डोळ्याला लावायच्या. तुझ्यापासून दहा फुटांवर मशीनजवळ मी बसलेलो असायचो, आवाज कमी-जास्त करत. कोणी गेलं की आधी गुरुजींना फोन जायचा, मग तुला, मग मला.

तू कधी जन्मलास, कितवी शिकलास, किती संस्थांवर होतास, हे सगळं परवा बोलून झालं. मला ते लिहायचं नाही. मी भांडायला बसलोय. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि त्या भांडणात मी एक लबाडी केलेली आहे. माझ्या आईनं तुझ्यासाठी एक निरोप दिला होता. नऊ वर्षं मी तो तुला दिला नाही. रोज भेटत होतो, एका टेम्पोत बसत होतो, एका कपातला चहा अर्धा अर्धा पीत होतो, तरी दिला नाही. तू गेलास आणि तो माझ्याकडेच राहिला.

आधी भांडण. सालस, मनमिळाऊ, कष्टाळू. हे तीन शब्द मी तुझ्या तोंडून किती वेळा ऐकले असतील? मी तुला चिडवायचो की तुझ्या गिरणीत काहीही टाकलं तरी खालून पीठच येतं, तसा घाटावर कसाही माणूस आणला तरी तुझ्या तोंडून देवमाणूसच बाहेर पडतो. भावाची वाट अडवणारा सालस. सुनेला जेवण मोजून वाढणारी मनमिळाऊ. उभ्या जन्मात खुरपं न धरलेला कष्टाळू. तू हसायचास आणि म्हणायचास, "बबन, मेलेल्या मानसाला कशाला नडतो रे?"

लेण्याद्रीच्या पायथ्याशी एकदा मांडव टाकून झाला आणि वेळ उरला म्हणून आपण वर चढलो होतो, आठवतं? निम्म्यात तू दम खात पायरीवर बसलास. म्हणालास, "हितं लेणी कोरली त्यात दान देनाऱ्यांची नावं हायेत. छन्नी मारनाऱ्याचं नाव न्हाई बघ."

"मग काय बिघडलं? लेणं उभं हाय ना?"

"उभं हाय रे. पन त्यो कसा व्हता, कशावर हसायचा, बायकूला काय म्हनून हाक मारायचा, हे कुनी चार मानसांत बोललंच न्हाई. मी असतो तर बोललो असतो."

तिथंच आपली जुंपली. तुझं म्हणणं असं की माणसाच्या जगण्याला आपला आपला अर्थ नसतो. जगताना तो नुसता उठतो, राबतो, जेवतो, झोपतो. मेल्यावर चार माणसं बसून त्याची गोष्ट सांगतात, तेव्हा कुठं त्या सगळ्याला अर्थ येतो. मी म्हणालो, हे बोलणाऱ्यांनी काढलेलं खूळ आहे. केलं ते केलं. मारलेली थप्पड मारलेली असते, दिलेली भाकरी दिलेली असते, मग कोणी बोलो न बोलो.

"आन कुनी पाहिलीच न्हाई ती भाकरी, तर?"

"ज्याला दिली त्यानं खाल्ली ना!"

तू खूप वेळ हसलास आणि मग माझ्याकडची पाण्याची बाटली मागितलीस. 

तू नुसताच खोटं बोलायचास असं मी म्हटलं तर तेही खोटं होईल. तळेघरच्या वरच्या अंगाला एक म्हातारा गेला होता. वस्तीपर्यंत रस्ता नाही, मशीन नेता येईना, एसटी कधी येईल त्याचा नेम नाही. मी म्हणालो, जाऊ दे, तिथं कोण ऐकायला बसलंय. तू ऐकलं नाहीस. भातखाचरांच्या बांधावरून दोन तास चालवलंस मला, हातात माईक नसताना. घाट कसला, ओढ्याच्या कडेला अकरा माणसं. आदल्या दिवशी तू त्या भागात जीप चालवणाऱ्याला गाठून चौकशी केली होतीस. तिथं उभा राहून साध्या आवाजात म्हणालास, "ह्या मानसानं वीस वर्सं जीपमंदी पुढची शीट घेतली न्हाई. कुनी बाई आली, कुनी म्हातारं आलं, की ह्यो मागं लोंबकळायचा. सोता म्हातारा झाला तरी मागंच."

बस्स, एवढंच बोललास. त्याची म्हातारी मांडी घालून बसली होती, ती नुसती "व्हय, व्हय" म्हणत राहिली. परत येताना उतारावर मला रडू फुटलं. तुला दिसू नये म्हणून मी पुढं पुढं चालत राहिलो आणि तू मागून ओरडत होतास की एवढी घाई कसली. हे तुला कधी सांगितलं नाही. घे, आता सांगितलं.

पण सोपाना, त्या दिवसामुळेच माझा राग वाढला. म्हणजे तुला खरं शोधता येत होतं! गरिबाच्या दशक्रियेला तू आदल्या दिवशी जाऊन विचारायचास, आणि मोठ्या घरच्या दशक्रियेला तेच तीन शब्द घेऊन उभा राहायचास. कारण तिथं विचारलं असतंस तर काय निघेल हे तुला पक्कं माहीत होतं. तू भित्रा होतास. हे मी तुला तोंडावरही म्हणालो होतो, नारायणगावच्या स्टँडसमोर, टोमॅटोच्या गाड्यांच्या गर्दीत अडकलो असताना. 

आणि माझ्या बापाच्या वेळी तर तुला कुठं विचारायलाही जायचं नव्हतं. तुझ्या घराला आमच्या घराची भिंत लागून. माझ्या आईच्या डाव्या हाताची करंगळी आडवी वळलेली आहे. ती बापानं मोडली, भर दिवसा, अंगणात, पाहुण्यांसमोर, भाकरी वाढायला उशीर झाला म्हणून. तू आणि मी तेव्हा शाळेतून येऊन तिथंच उभे होतो, दप्तरंसुद्धा खांद्यावरून उतरली नव्हती. तू घाबरून माझा सदरा धरला होतास.

त्याच तू, नऊ वर्षांपूर्वी, त्याच बापाच्या दशक्रियेला माईक हातात घेतलास. विधीला माझा थोरला भाऊ बसला होता, मी नेहमीसारखा मशीनजवळ. समोर हजारभर माणूस, एका अंगाला बायका, त्यात आई. आणि तू म्हणालास, बापाला गावासारखंच भाऊ म्हणत, "भाऊंनी आमच्या काकूंना आयुष्यभर तळहातावरच्या फोडासारखं जपलं."

मी वायर ओढली.

तू थांबलास. माईकवर टिचकी मारलीस, मग माझ्याकडं पाहिलंस. वायरचं टोक माझ्या मुठीत होतं. लोक म्हणाले लाईट गेली. उरलेलं भाषण तू उघड्या गळ्यानं केलंस आणि मागच्या लोकांना त्यातलं काही ऐकू गेलं नाही.

 आठवड्यानं घोडेगावच्या रस्त्याला टेम्पोत सरळ विचारलंस, "वायर निघाली व्हती का काढली व्हती?"

"काढली."

"बापावरचा राग माझ्यावर काढला म्हन की."

"तू खोटं का बोललास, सोपाना? तू व्हता तिथं. तू बघितलं हाय."

"बघितलं म्हनूनच. हे बघ, तिथं काकू बसल्या व्हत्या. मी काय बोलाया पायजे व्हतं? करंगळी कशी मोडली ते? मान कुनाची खाली गेली असती? त्याची न्हाई, त्यो जळून गेला. मान काकूंची गेली असती."

"मग गप बसायचं."

"मी गप बसलो असतो तर समद्यांना कळलं असतं मी का गप बसलो."

"कळू दे की!"

"तुला काय जातंय कळू दे म्हनायला. तू मशीनमागं बसतो."

हे मला लागलं. अजून लागतं. मी टेम्पो बाजूला घेतला, खाली उतरलो आणि उगाच टायरला लाथा घालत बसलो. तूही उतरलास. दोघं मिळून टायर बघत उभे राहिलो, त्याला काहीही झालेलं नव्हतं. पुढं दोन वाक्यं बोलून हे भांडण मिटवायला हवं होतं, पण त्या दिवशी आपल्याला उशीर झाला होता आणि नंतर ते तसंच राहून गेलं.

आता निरोप सांगतो. बापाच्या दशक्रियेच्याच दिवशी दुपारी, पाहुणे पांगल्यावर, आई तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "वायर तूच काढली ना?" मी हो म्हणालो. मला वाटलं, पाठीवरून हात फिरवेल. ती म्हणाली, "बोलू द्यायचं व्हतंस आजून जरा."

"आई, खोटं बोलत व्हता त्यो!"

"मला काय म्हाईत न्हाई व्हय? माजी करंगळी हाय. पन जपलं म्हनला ना त्यो, म्हंजी बायकूला जपायला पायजे असतं, हे तरी समद्या गावानं ऐकलं. माज्या बाबतीत एवढं बी कुनी कवा बोललं न्हाई." मग ताटातले खडे बाजूला करत म्हणाली, "सोपानला सांग, मला बरं वाटलं."

दोन दिवसांनी तिनं विचारलं, "सांगितलंस का रं सोपानला?" आणि मी, मेलेल्यांबद्दलही खोटं चालत नाही म्हणणारा मी, जिवंत आईला म्हणालो, "सांगितलं."

का नाही सांगितलं? कारण सांगितलं असतं तर तू जिंकला असतास. एवढंच कारण आहे, दुसरं शोधून सापडत नाही. तू आयुष्यभर मला ते ऐकवलं असतंस, टेम्पोत, गिरणीत, चहाच्या टपरीवर. "बबन, काकू काय म्हनल्या, सांग बरं पुन्यांदा." माझं सगळं खरेपण तिच्या एका वाक्यात आडवं झालं असतं.

पण हेही ऐकून ठेव. आईला बरं वाटलं हे मला मान्य आहे, तुझं चुकलं नव्हतं हे मान्य नाही. तू बोलत होतास तेव्हा मी बाप्यांकडं बघत होतो. बापाच्या वयाचे तिघं-चौघं पुढच्या खुर्च्यांवर बसले होते. त्यांच्या घरातही काय चालतं ते तुला ठाऊक, मला ठाऊक. तू 'तळहातावरच्या फोडासारखं' म्हणालास आणि त्यांनी समाधानानं माना डोलावल्या. त्यांना कळलं की काहीही करा, दहाव्या दिवशी सोपान आहेच. तू माझ्या आईला एक चांगलं वाक्य दिलंस आणि त्याच वाक्यानं त्या सगळ्यांना आगाऊ माफी देऊन टाकलीस. ह्याचं उत्तर तुझ्याकडं काय होतं, ते ऐकायचं राहिलं. तुला ते मी विचारूच शकलो नाही, कारण विचारायचं तर आधी निरोप सांगावा लागला असता.

जगण्याचा अर्थ, बरं-वाईट, हे शब्द आपण दोघांनी टेम्पोत बसून फार वापरले. देव ठरवतो म्हणणाऱ्यांना मी हसायचो, लोक ठरवतात म्हणणाऱ्या तुलाही हसायचो. आपला आपण ठरवायचा आणि तसं वागायचं, ही माझी ऐट. ती ऐट घेऊन मी परवा घाटावर आलो.

कडक इस्त्रीतले एक पुढारी बोलायला उठले. तुला ते दोनदा भेटले असतील. म्हणाले, "सोपानराव आदर्श पती होते, आदर्श पिता होते, सालस होते." पुढं काय असणार हे मला माहीतच होतं. मी मशीन सोडून उठलो. मित्र म्हणून मलाही दोन शब्द बोलायला सांगितलेलंच होतं. मी म्हणालो, "सोपान ह्या घाटावर लई खोटं बोलला. मी साक्षीला व्हतो. त्याला तरी आज आपन खोटं बोलायला नको. त्याच्यासंगं जी राहिली तिला विचारू." आणि माईक घेऊन बायकांच्या अंगाला गेलो. मागून दोघं-तिघं "अहो बबनराव, हे काय राव" करत उठले. गुरुजींनी घड्याळाकडं पाहिलं. मी माईक वहिनींच्या हातात दिला. तुझ्या बायकोला आजवर कोणी माईक दिलेला नव्हता, सोपाना, तूसुद्धा.

त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. पहिल्यांदा नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाल्या, "मानूस बरा व्हता. कवा हात उचलला न्हाई, कवा उपाशी ठिवलं न्हाई. पन घरात बोलायचा न्हाई. समदं हितं बोलून यायचा आन घरी आला का मुका. मला लई वाटायचं, माज्याबद्दल बी दोन शबुद बोलावं त्यानं असं, चार मानसांत. पन त्याला मीच आदी मरायला पायजे व्हते."

 पुढारी खाली बघत होते. मला वाटलं, हे बघ सोपाना, ह्याला म्हणतात खरं. सगळ्या भाषणांत तू पहिल्यांदा मला मेल्यासारखा वाटलास आणि पहिल्यांदा माझा वाटलास. मी जिंकलो होतो.

तेवढ्यात माझ्या आईनं हात पुढं केला. ती वहिनींच्या शेजारीच बसली होती. तिला उठता येत नाही आता, बसल्या बसल्याच तिनं माईक ओढून घेतला, उलटा धरला, वहिनींनी सुलटा करून दिला. ती तुझ्याशीच बोलली, जसं काही तू समोर गिरणीच्या दारात उभा आहेस. "सोपाना, माज्या मालकाच्या टायमाला तू माज्यासाठी बोललास. मला लई बरं वाटलं व्हतं बाबा. बबननं तुला निरोप दिलाच व्हता म्हना."

सगळे माझ्याकडं बघायला लागले, कौतुकानं. खरं बोलणारा बबन. मला गप्प राहता आलं असतं. तू नाहीस, म्हणजे निरोप पोचला नाही हे ठाऊक असलेला मी एकटाच. आई सुखानं घरी गेली असती. तुझ्या जागी उभं राहून बघितलं तेव्हा, सोपाना, ते एक खोटं वाक्य किती सोपं आणि किती चांगलं दिसत होतं, हे मला पहिल्यांदा कळलं.

मी तिच्या हातातून माईक घेतला आणि म्हणालो, "आई, म्या दिला न्हाई त्याला निरोप. तुला खोटं सांगितलं. नऊ वर्सं त्याला कळू दिलं न्हाई."

 माईक माझ्याजवळ होता, त्यामुळं आई पुढं जे बोलली ते फक्त मी आणि वहिनींनी ऐकलं. "हे न कळताच त्यो गेला व्हय?" आणि मग, "सांग मंग आता."

मी नदीकडं तोंड केलं आणि सांगितलं. जसं तिनं तांदूळ निवडताना सांगितलं होतं तसं, शब्द न गाळता, करंगळीसकट.  ते झाल्यावर मी वाकून आईला हळूच म्हणालो, "तरी त्यो चुकला व्हता, आई."

"आसंल चुकला," आई म्हणाली. "पन त्यो बोलला तरी. तू तर माजं बोलनंच गिळून बसलास."

 हरलो असं मी अजून म्हटलेलं नाही, सोपाना, आणि तुझ्यापुढं तर मुळीच म्हणणार नाही.

तुझा,
बबन